स्थान आणि आराखडा : अण्णा नगरच्या निमित्ताने

मराठीत ‘जागा’ आणि ‘स्थान’ हे शब्द पुष्कळदा एकमेकांऐवजी वापरले जातात; पण त्यांचा अर्थ एक नाही. जागा मोजता येते, विकता येते, ती रिकामीही असू शकते. स्थान कोणाच्या तरी वावराने आणि आठवणीने सिद्ध होते. हा भेद आपल्या वाङ्मयाला जुना आहे. महानुभाव संप्रदायाच्या ‘स्थानपोथी’त श्रीचक्रधर जेथे जेथे राहिले त्या ठिकाणांची नोंद आहे. देऊळ कोठे, त्याचे दार कोणत्या दिशेला, असा तपशील ती देते. एका अर्थी तो शब्दांत काढलेला नकाशाच होय. परंतु या नकाशात आधी वावर आहे, मग स्मरण, आणि त्यानंतर दिशा व अंतर. आधुनिक नगररचनेचा क्रम याच्या उलट असतो : आधी रेषा, मग क्रमांक, शेवटी माणसे. वाढत्या शहरांत रहिवाशांना केंद्रस्थानी ठेवून नियोजन कसे करावे, हा प्रश्न मुळात या दोन क्रमांच्या परस्परसंबंधाचा आहे. चेन्नईतील अण्णा नगरच्या आधारे तो येथे तपासावयाचा आहे.

१९६८ साली मद्रासमध्ये आंतरराष्ट्रीय व्यापार व उद्योग मेळा भरला तो शहराच्या पश्चिमेकडील नडुवक्करै या गावाच्या परिसरात. पुढे तामिळनाडू गृहनिर्माण मंडळाने तेथे आखीव वसाहत उभारली आणि तिला सी. एन. अण्णादुराई यांचे नाव मिळाले. रुंद रस्त्यांना ‘अ‍ॅव्हेन्यू’ म्हणून क्रमांक दिले, विभागांना इंग्रजी वर्णमालेतील अक्षरे दिली. तमिळमध्ये ‘नडु’ म्हणजे मधला आणि ‘करै’ म्हणजे काठ. भूमीचे असे वर्णन करणाऱ्या नावाच्या जागी केवळ अनुक्रम सांगणारी चिन्हे आली. शेजारच्या तिरुमंगलम आणि विल्लिवाक्कम या गावांची नावे मात्र टिकून राहिली.

तरीही ही वसाहत क्रमांकांपुरती राहिली नाही. मेळ्यासाठी बांधलेला १३५ फूट उंचीचा मनोरा मागे उरला. त्याला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले हे अभियंते महाराष्ट्रालाही परके नाहीत. पण लोकांनी ते लांबलचक नाव बाजूला ठेवले. मनोऱ्याभोवतीचे उद्यान त्यांच्या तोंडी नुसते ‘टॉवर पार्क’ झाले. रस्ते जेथे मिळतात त्या वर्तुळाकार चौकाला ‘रौंडाना’ हा तमिळ वळणाचा शब्द रूढ झाला. २०१७ साली भुयारी मेट्रो सुरू झाली तेव्हा स्थानकाला ‘अण्णा नगर टॉवर’ हेच नाव मिळाले. येथे शासनाने लोकांच्या बोलीचे अनुसरण केले. सुरक्षिततेच्या कारणास्तव मनोरा अनेक वर्षे बंद होता आणि २०२३ साली तो पुन्हा उघडला; त्या बंद काळातही तो परिसराची खूण म्हणून बोलण्यात कायम होता. आराखड्याने दिलेली जागा वावराने आणि शब्दाने स्थान कशी होते, याचे हे उदाहरण आहे.

हीच प्रक्रिया नियोजनात जाणीवपूर्वक सामावून घेता येते काय? अण्णा नगरच्या शेजारीच तसा प्रयत्न झाला. १९७७ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या मद्रास नागरी विकास प्रकल्पात अरुंबाक्कम, विल्लिवाक्कम इत्यादी ठिकाणी अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना लहान भूखंड, पाणी आणि सांडपाण्याची सोय देण्यात आली. घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे व सवडीने वाढवावे, अशी योजना होती. मुंबईत १९८५ पासून कांदिवलीजवळच्या चारकोप येथे हीच पद्धत अवलंबिली गेली. आरंभी या वसाहती फसल्या असा अनेकांचा अभिप्राय होता, कारण भूखंड लवकर भरले नाहीत. परंतु केट ओवेन्स, सुमिला गुल्यानी व अँड्रिया रिझवी यांनी मुंबई व चेन्नईतील या प्रकल्पांचे पुनरवलोकन करून २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निराळा निष्कर्ष निघाला. वीस वर्षांनंतर त्या वस्त्या गजबजलेल्या, राहण्याजोग्या आणि भिन्न आर्थिक स्तरांच्या झाल्या होत्या. आराखडा मुद्दाम अपुरा ठेवल्यामुळे रहिवाशांच्या कर्तृत्वाला वाव मिळाला होता. स्थान घडण्यास लागणारा काळ आणि प्रकल्प तपासण्याची मुदत यांत किती अंतर असते, हेही यावरून ध्यानात येते.

या विचाराला दक्षिण आणि पश्चिम भारतात समान पूर्वपीठिका आहे. पॅट्रिक गेडिस यांनी १९१५ साली मद्रासमध्ये नगरप्रदर्शन भरविले, दोन्ही इलाख्यांतील शहरांवर अहवाल लिहिले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापन सुरू केले. गो. स. घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. योजना आखण्यापूर्वी शहराची पाहणी करावी, आणि जुनी वस्ती सरसकट न पाडता आवश्यक तेवढाच छेद द्यावा, हा गेडिस यांचा आग्रह होता. महाराष्ट्राचा १९६६ चा आणि तामिळनाडूचा १९७१ चा नगररचना अधिनियम नागरिकांना हरकती व सूचना मांडण्याचा अधिकार देतात. मात्र प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यावर, म्हणजे रेषा ओढून झाल्यावर. २०१५ साली मुंबईच्या विकास आराखड्याचे प्रारूप इतके सदोष आढळले की ते मागे घेऊन नव्याने करावे लागले. तेथे राहणाऱ्यांना जे ठाऊक होते ते नकाशाला ठाऊक नव्हते.

येथे भाषाभ्यासकांचे काम सुरू होते. गल्लीची बोलीतील नावे, खुणेची झाडे, बाजाराचे वार, बुजलेल्या तळ्यांच्या आठवणी हा सर्व ऐवज बोलण्यात असतो आणि मोजणीच्या कागदावर उतरत नाही. तो आधी गोळा केला, तर नियोजनाच्या पाहणीला एक नवे साधन मिळेल. नडुवक्करै हे नाव आज अण्णा नगरच्या एका कडेला, एका पुलाच्या आणि त्यालगतच्या वस्तीच्या नावात उरले आहे. मधल्या काठाची ती खूण आराखडा करणाऱ्यांनी आरंभीच विचारात घेतली असती, तर वसाहतीच्या विभागांना ‘ए’ आणि ‘बी’पेक्षा अधिक बोलकी नावे लाभली असती. नव्या उपनगरांच्या बाबतीत ही संधी अजून गेलेली नाही.