एमएस्सी ॲग्री करायची, पण कशासाठी?

बीएस्सी ॲग्रीचा निकाल लागला की अनेक घरांत एकच वाद सुरू होतो. मुलीला एमएस्सी करायची असते आणि वडील म्हणतात, "अजून दोन वर्षं? त्यापेक्षा स्पर्धा परीक्षा दे." वडिलांचं म्हणणं उडवून लावू नका. एमपीएससीची कृषी सेवा असो की बँकेतलं कृषी अधिकाऱ्याचं पद, दोन्हींना पदवी पुरते. ज्यांना हेच हवंय त्यांनी निव्वळ वसतिगृह आणि अभ्यासिका मिळते म्हणून एमएस्सीला जाऊ नये. अशात प्रबंध रखडतो आणि परीक्षेचा अभ्यासही अर्धवट राहतो.

पदवीला सगळी शेती थोडी थोडी शिकवतात. एमएस्सीला मात्र एकच शाखा घ्यावी लागते आणि पुढची वाट तिथेच ठरते. बियाणे कंपनीच्या पैदास विभागाला आनुवंशिकी आणि पैदासशास्त्र शिकलेला माणूस लागतो. कृषी विस्तार शिकलेल्याला तिथे शिरणं अवघड. कृषी विज्ञान केंद्रात विषय विशेषज्ञ व्हायचं तर त्याच विषयाची पदव्युत्तर पदवी हवी. म्हणून 'कमी मार्कांत मिळाला' एवढ्यावर विषय घेणं मला धोक्याचं वाटतं. प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञ व्हायचं असेल तर पुढे पीएचडीही आली; तेव्हा पालकांनी हिशेब दोन वर्षांचा न धरता पाच-सहा वर्षांचा धरावा.

प्रबंधाबद्दल आधी कुणी फारसं सांगत नाही. सध्याच्या अभ्यासक्रमात 70 पैकी 30 श्रेयांक त्याचेच आहेत. प्रयोग शेतात असेल तर वेळापत्रक हंगाम ठरवतो. खरिपाचा प्लॉट अतिवृष्टीत गेला की पुन्हा पुढच्या खरिपाची वाट बघावी लागते. उन्हात उभं राहून एकेका झाडाची उंची मोजायची, फुटवे मोजायचे, नोंदी ठेवायच्या, हे आठवडेच्या आठवडे चालतं. ज्याला यात रस वाटतो त्याच्यासाठी हीच दोन वर्षं सोन्याची. हे सगळं गाइडच्या देखरेखीखाली चालतं, त्यामुळे गाइड निवडताना विभागातल्या सिनिअर मुलांना नक्की भेटा: सर प्लॉटवर येतात का, प्रबंध वेळेत तपासतात का, हे तीच मुलं खरं सांगतील.

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही विद्यापीठांसाठी राज्याची सीईटी असते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची प्रवेश परीक्षाही द्यावीच. चांगला क्रमांक आला तर जेआरएफ म्हणजे शिष्यवृत्ती मिळते आणि दिल्लीची पुसा संस्था, लुधियाना, पंतनगर अशी दारं उघडतात. मुलीला इतक्या लांब पाठवायची धास्ती वाटत असेल, तर नाही म्हणण्याआधी एकदा तिच्यासोबत जाऊन विद्यापीठ आणि मुलींचं वसतिगृह बघून या.

आपल्याच राज्यात नागपूरला कापूस, सोलापूरला डाळिंब, राजगुरुनगरला कांदा-लसूण आणि मांजरीला द्राक्ष यांच्या राष्ट्रीय संशोधन संस्था आहेत. तिथल्या प्रकल्पांवर एमएस्सी झालेल्यांना कामं मिळतात. ती बहुधा कंत्राटी असतात, पण शिकायला उत्तम.

तरीही निर्णय होत नसेल तर मुलीला एवढंच विचारा: 'रावे'च्या, म्हणजे पदवीतल्या ग्रामीण कृषी कार्यानुभवाच्या काळात गावातल्या शेतकऱ्यांनी विचारलेला कोणता प्रश्न अजून तुझ्या डोक्यात आहे? उत्तर चटकन आलं तर त्या विषयाचा विभाग गाठा. नाही आलं तर वर्षभर एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीत काम करू द्या; एमएस्सीचा अर्ज पुढच्या वर्षीही भरता येतो.