आंतरजालावरील भूमिकाखेळ खेळून पाहावा काय ?



संगणकावर अनेकांनीं एकाच वेळीं खेळावयाचे जे भूमिकाखेळ आज प्रचारांत आहेत, ते आपण एकदां खेळून पाहावे काय, हा प्रश्न तुमच्यापैकीं पुष्कळांस पडतो. वडील मंडळी बहुधा "नको" म्हणून मोकळी होते. खेळणारे सोबती तितक्याच घाईनें "अवश्य" म्हणतात. पहिल्यांस खेळाची ओळख नसते, दुसऱ्यांस त्याचें मोल तपासावयास सवड नसते. याकरितां प्रथम ओळख करून घेऊं व मग निर्णयाकडे वळूं.

या खेळांत प्रत्येकजण एक पात्र धारण करितो. कोणी योद्धा होतो, कोणी वैद्य, कोणी मांत्रिक. आणि आंतरजालाच्या द्वारें हजारों अनोळखी माणसांसह तो एकाच कल्पित जगांत संचार करितो. या प्रकाराचा उगम १९७८ सालीं इंग्लंडांतील एसेक्स विद्यापीठांत झाला. रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानें आरंभिलेला व रिचर्ड बार्टल यानें पुढें वाढविलेला "मड" नांवाचा तो खेळ केवळ शब्दांचा होता. पडद्यावर स्थळाचें वर्णन उमटे, आणि कोठें जावयाचें तें खेळणारा अक्षरें टंकून सांगे. पुढें चित्रें आलीं. २००४ च्या नोव्हेंबरांत "वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट" हा खेळ निघाला, व ऑक्टोबर २०१० मध्यें त्याचे वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर गेल्याचें त्याच्या निर्मात्यांनीं जाहीर केलें. आपण तोच उदाहरणादाखल घेऊं.

या खेळाचा पहिला गुण सहकार्य हा होय. मोठ्या राक्षसावर चाल करून जाणें हें एकट्याचें काम नव्हे. एकानें प्रहार अंगावर घ्यावे, दुसऱ्यानें जखमा भराव्या, इतरांनीं शस्त्रें चालवावीं, अशी वांटणी असते. आरंभीच्या काळांत अशा मोठ्या स्वारीस ४० जण लागत, व एकाची बेपर्वाई सर्वांस भोंवे.

याहून मोठा लाभ कोणता, हें नॉर्वे देशांतील मॅट्स स्टीन या तरुणाच्या चरित्रावरून कळतें. स्नायु क्षीण करणाऱ्या आनुवंशिक रोगामुळें तो लहानपणींच चाकांच्या खुर्चीस खिळला. पुढें त्याचा बहुतेक वेळ या खेळांत जाई. आपला मुलगा मित्रांवांचून एकाकी जगत आहे, असें वाटून आईबापांस दुःख होई. २०१४ च्या नोव्हेंबरांत, वयाच्या २५ व्या वर्षीं, तो वारला. वडिलांनीं ती वार्ता मुलाच्याच ब्लॉगवर लिहितांच निरनिराळ्या देशांतून पत्रें येऊं लागलीं. खेळांत तो "इबेलिन" या नांवानें वावरे. तेथें त्यानें कित्येकांचीं दुःखें ऐकून घेतलीं होतीं, कित्येकांस धीर दिला होता. त्याच्या अंत्यविधीस खेळांतील कांहीं सोबती दूरदेशांहून आले. मुलास मित्र होते, हें आईबापांस तो गेल्यावर कळलें.

परंतु एवढ्यावरून निष्कर्षाची घाई करूं नये. मॅट्सपुढें मैदान बंद होतें, म्हणून खेळानें त्यास दार उघडून दिलें. ज्याच्या पायांत बळ आहे व ज्याची अंगणांत मित्र वाट पाहत आहेत, त्याच्या मागें तेंच दार लागूनहि जाऊं शकतें.

तें कसें, तें पाहा. खो-खोचा डाव ठराविक मिनिटांनीं संपतो; बुद्धिबळांत राजा अडकला कीं पट मिटतो; कादंबरीसहि शेवटचें पान असतें. या खेळास तसा शेवट नाहीं, आणि तो चुकून राहिलेला नाहीं. खेळ दरमहाच्या वर्गणीवर चालतो. खेळणारा थांबला कीं वर्गणीहि थांबते. म्हणून एक पातळी चढली कीं पुढची खुणावते. दुर्मिळ वस्तु एखादे वेळींच हातीं लागते, व "आतां मिळेल" या आशेनें माणूस तोच राक्षस पुन्हां पुन्हां मारीत बसतो. त्यांत सोबत्यांस अर्ध्यावर टाकून उठणें प्रशस्त वाटत नाहीं. हिवाळ्यांत पॅरिस येथें रात्रीचे ८ वाजतात, तेव्हां मुंबईस साडेबारा वाजलेले असतात. अशा सोबत्यांशीं जमवून घेणारा विद्यार्थी सकाळीं वर्गांत डोळे मिटून बसणारच!

जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या रोगांच्या वर्गीकरणांत "खेळाचा विकार" समाविष्ट केला असून तें वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आलें. त्याचीं लक्षणें तीन आहेत : खेळावरील ताबा सुटणें, इतर सर्व गोष्टींहून खेळास वरचें स्थान देणें, आणि हानि दिसत असूनहि तो चालू ठेवणें. हीं सामान्यतः १२ महिने टिकलीं व त्यांमुळें नित्याचें जीवन बिघडलें, तर तो विकार समजतात. प्रत्येक खेळणारा रोगी नव्हे. पण पहिलें लक्षण दिसण्यापूर्वींच सावध होणें शहाणपणाचें.

तेव्हां निर्णय असा कीं, खेळून पाहण्यास हरकत नाहीं. मात्र ज्या खेळास शेवट नाहीं, त्यास तो खेळणाऱ्यानें घातला पाहिजे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्यें २० व्या पातळीपर्यंत वर्गणी पडत नाहीं. ओळख होण्यास तेवढें पुरे. घरांतील वडिलांस सांगून, ओळखीच्या सोबत्याबरोबर खेळावें. स्वारीस निघण्यापूर्वींच "मी अमुक वाजतां उठेन" असें सर्वांस सांगावें. महिन्यानें स्वतःस तीन प्रश्न विचारावे : ठरल्या वेळीं मी उठलों काय ? माझे जुने मित्र तितकेच राहिले काय ? खेळ नसेल त्या दिवशीं माझें मन दुसऱ्या कामांत रमतें काय ? तिन्हींचें उत्तर "होय" असेल, तर खेळ चालूं द्यावा. एकाचेंहि "नाहीं" असेल, तर तो मिटावा.

या खेळांतच एक बोधप्रद योजना आहे. आपल्या पात्रास सराईंत विसावा देऊन खेळणारा निघून गेला, तर परतल्यावर शत्रुवधानें मिळणारा अनुभव कांहीं काळ दुप्पट होतो. कल्पित योद्ध्यास जी विश्रांति हितकर, ती खऱ्या विद्यार्थ्यास किती अधिक हितकर असेल, याचा तुम्हीच विचार करा.