पेंट मार्कर चालतो सगळीकडे, टिकतो कुठे?

पेंट मार्करच्या पाकिटावर काच, लाकूड, धातू, कापड, दगड, माती अशी लांबलचक यादी छापलेली असते. ती खोटी नसते. या सगळ्यांवर रेघ उमटते, ठसठशीत दिसते आणि पहिल्या दिवशी फोटोही छान येतो. पण रंगवलेली वस्तू पुढे कुणाच्या तरी घरी जाते. तिथे ती घासली जाते, गॅलरीत ऊन-पाऊस खाते, गॅसजवळ ठेवली जाते. मी प्रदर्शनांसाठी कुंड्या, कप, किटल्या, कापडी पिशव्या रंगवते आणि सुट्टीच्या दिवशी शिकवतेही. ग्राहकांकडून परत आलेल्या वस्तू उलटसुलट करून पाहताना जे उमगलं, ते मार्कर नव्याने हातात घेणाऱ्यांना आधीच माहीत असावं, म्हणून हे लिहिते आहे.

साध्या स्केचपेनातली शाई कागदात मुरते. पेंट मार्करमध्ये खराखुरा रंग असतो: रंगाची बारीक पूड, तिला धरून ठेवणारा चिकट घटक आणि हे सगळं पातळ ठेवणारं पाणी किंवा सॉल्व्हंट. पूड तळाशी बसते, म्हणून बहुतेक मार्करांत एक गोळी असते. टोपण घट्ट लावून तो खडखडवायचा. निब दाबली की आतली झडप उघडते आणि रंग खाली उतरतो. हे दाबणं कायम रद्दी कागदावर करावं. चित्रावर केलं की कधीतरी थेंब पडतोच. बाजारात दोन मोठ्या जाती आहेत. पाण्यावर आधारित मार्करांमध्ये जपानच्या मित्सुबिशी पेन्सिल कंपनीचा १९८३ पासूनचा पोस्का आपल्याकडे सर्वांत परिचित. दुसरी जात ऑइल-बेस्ड. त्यात अनेकदा झायलीनसारखं सॉल्व्हंट असतं आणि टोपण काढताच वासावरून ते कळतं. तो मार्कर बंद खोलीत वापरू नये, लहान मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नये.

या रंगाचा पृष्ठभागावर पातळ पापुद्रा तयार होतो. खालचा भाग घट्ट, कोरडा आणि स्वच्छ असेल तर पापुद्रा टिकतो. म्हणून मार्कर कुठला घ्यावा याआधी दोन प्रश्न विचारावेत: ही वस्तू पाणी पिते का? आणि घरी गेल्यावर तिचं काय होणार आहे?

पाणी पिणाऱ्या वस्तूंत सर्वांत फसवी ती भाजलेल्या मातीची कुंडी. तिच्यावर पांढऱ्या मार्करने काढलेली वारली नक्षी फार देखणी दिसते, मागणीही भरपूर. एका पावसाळ्यानंतर अशीच एक कुंडी माझ्याकडे परत आली. तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवतीचा नाचणाऱ्यांचा फेर जागोजागी पोपडे होऊन सुटला होता आणि पोपड्यांखाली मिठासारखी पांढरी भुकटी होती. ओल्या भिंतीला लोणा लागतो, तोच हा. झाडाला घातलेलं पाणी मातीच्या अंगातून बाहेर झिरपतं, येताना विरघळलेले क्षार आणतं, पाणी उडून जातं आणि क्षारांचे खडे नेमके रंगाच्या पापुद्र्याखाली वाढतात. ते पापुद्रा आतून ढकलतात. बाहेरून कितीही वॉर्निश मारलं तरी यावर उपाय होत नाही, कारण शत्रू आतून येतो. कुंडीला आतल्या बाजूने वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात द्यावेत आणि ते पूर्ण वाळू द्यावेत. याहून सोपा मार्ग म्हणजे रोप प्लॅस्टिकच्या साध्या कुंडीत लावून ती रंगवलेल्या कुंडीत ठेवणं. मी आता ग्राहकांना हेच सुचवते. बाहेरून प्रायमरचा एक हात दिला की पांढरा रंग मातीत शोषला जाऊन गुलाबट दिसत नाही, निबही कमी झिजते. पणतीचंही असंच: तेल अंगातून झिरपून नक्षीखाली पसरतं. म्हणून आतून सील केल्याशिवाय पणती रंगवू नये, आणि वात टेकते ती कड कोरीच ठेवावी.

वारलीचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. डहाणू-तलासरीकडच्या पाड्यांत चित्राआधी भिंत तयार होते. कुडाची भिंत माती-शेणाने सारवायची, गेरूचा हात द्यायचा, ती वाळली की मग टोक ठेचलेल्या बांबूच्या काडीने तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगभर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांची कागद-कापडावरची चित्रं पाहतानाही लक्ष द्यावं ते आधी मागच्या रंगवलेल्या भूमीकडे. आपण ही पायरी गाळतो आणि थेट रेघेला हात घालतो. काही जण नुसता गेरू पाण्यात कालवून मातीच्या थाळीला लावतात आणि त्यावर मार्कर चालवतात. तो गेरू सुटा असतो, निबेला चिकटतो आणि महागडा पांढरा मार्कर कायमचा गुलाबी होतो. गेरूत थोडा फेविकॉल मिसळला तर तो धरून राहतो. मात्र साधा पांढरा फेविकॉल पाण्याने पुन्हा मऊ पडतो, तेव्हा अशी थाळी घराच्या आतच टांगावी. जुन्या डिस्टेंपरच्या भिंतीचंही असंच. हात फिरवून पाहा. तळव्याला पांढरं लागलं तर आधी ती भिंत खरवडून प्रायमर मारा.

आता पाणी न पिणाऱ्या वस्तू: काच, चकचकीत कप, स्टील, ॲल्युमिनियम. इथे रंगाला धरायला खाचाच नाहीत, आणि बोटाचा तेलकट ठसासुद्धा मधे येतो. साबणाने धुऊन, वाळवून, नंतर स्पिरिटने पुसावं आणि चित्राच्या जागेला पुन्हा बोट लावू नये. ॲल्युमिनियमच्या किटलीला बारीक पॉलिश पेपर हलका फिरवून मेटल प्रायमर मारल्यास नक्षी बराच काळ राहते. पण ती शोभेचीच. गॅसवर ठेवली की रंग करपतो, धूर होतो. विकताना हे स्पष्ट बोलून सांगा.

कपाबद्दल मात्र मी कडक आहे. पाण्यावर आधारित मार्करचा रंग कपावर नखानेही निघतो. काही रंग ओव्हनमध्ये भाजून पक्के करता येतात. पेबेओ कंपनीचे पोर्सिलेनसाठीचे मार्कर १५० अंशांवर ३५ मिनिटं भाजायचे असतात. इतर कंपन्यांचे आकडे वेगळे, ते त्यांच्याच सूचनेतून घ्यावेत. कप थंड ओव्हनमध्ये ठेवूनच तापमान चढवावं आणि आतच थंड होऊ द्यावं, नाहीतर कप तडकतो. एवढं करूनही तारेच्या घासणीसमोर त्याचा निभाव लागत नाही. आणि मुख्य गोष्ट: पाकिटावरचा ‘नॉन-टॉक्सिक’ हा शब्द तो मार्कर हाताळण्यापुरता आहे. ओठ किंवा अन्न टेकेल तिथे रंग लावायला तो परवानगी देत नाही. कपाच्या काठापासून खाली दोन बोटं जागा कोरी ठेवा, आतल्या बाजूला काहीही काढू नका. जेवणाची ताटली रंगवून मागणाऱ्याला मी नाही म्हणते, भिंतीवर टांगायला हवी असेल तर आनंदाने करते.

कापड त्या मानाने प्रेमळ. कोऱ्या मांजरपाटाच्या पिशवीत खळ असते, ती धुऊन काढली की रंग धाग्यात बसतो. चित्र वाळल्यावर उलट्या बाजूने, वाफ बंद ठेवून इस्त्री फिरवा. लाकूड रेषांच्या दिशेनेच घासा आणि प्रायमर द्या, म्हणजे रंग रेषांतून पसरत नाही. एमडीएफच्या कापलेल्या कडा फार शोषतात, तिथे दोन हात.

दोन ठिकाणी ऑइल-बेस्ड मार्कर नेऊच नये. थर्मोकोल त्याने वितळतो. आणि हेल्मेट: सॉल्व्हंट कवचाचं प्लॅस्टिक कमकुवत करू शकतं आणि ते बाहेरून दिसतही नाही. वाढदिवसासाठी मुलाच्या हेल्मेटवर नाव घालून द्या म्हणून आईवडील येतात, तेव्हा मी वॉटरप्रूफ स्टिकर सुचवते.

शेवटचा हात वॉर्निशचा, आणि हातातलं काम जातं ते बहुधा इथेच. पाण्यावर आधारित मार्करवर पाण्यावरचंच वॉर्निश ब्रशने ओढलं की काळी रेघ पांढऱ्यात वाहते. ऑइल-बेस्ड रेघेवर सॉल्व्हंटचं वॉर्निश ब्रशने ओढलं तरी हेच. पहिला हात नेहमी स्प्रेने, वीतभराहून थोड्या जास्त अंतरावरून, अगदी विरळ. तो वाळला की दुसरा. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत दमट हवेत रंग वरून सुकल्यासारखा वाटतो, आत ओला असतो. त्या महिन्यांत ऑर्डरची तारीख सैल ठेवा. फ्लुओरोसंट रंग उन्हात लवकर विटतात, ते गॅलरीतल्या वस्तूंना नकोत.

नवा मार्कर आणला की फुटक्या फरशीवर, खापरीवर, काचेच्या तुकड्यावर एकेक रेघ ओढून मी तारीख लिहिते. अर्धी रेघ वॉर्निशखाली, अर्धी उघडी. काही दिवसांनी ओल्या फडक्याने घासून पाहते आणि मगच त्या मार्करने गिऱ्हाइकाचं काम घेते. प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी देते: ओल्या कापडाने पुसा, भिजत घालू नका, आचेवर ठेवू नका. चिठ्ठी वाचून एखादं गिऱ्हाईक वस्तू खाली ठेवून जातं. तरी ती चिठ्ठी मी पिशवीत नाही, वस्तूच्या दर्शनी बाजूला बांधते.