भातकापणीचा विळा : साध्या धारेचा की दातेरी?

नवरात्र उलटले की महाड व पोलादपूर तालुक्यांत हळवी भाते पिवळी पडू लागतात. सावित्री, काळ आणि गांधारी या नद्यांच्या काठची सखल खाचरे, त्याचप्रमाणे आंबेनळी, वरंधा व कशेडी या घाटांच्या पायथ्याशी असलेल्या डोंगरउतारावरील पायऱ्यापायऱ्यांची शेते, या दोन्ही ठिकाणी कापणीचे काम आजही मुख्यत्वे विळ्यानेच होते. उतारावरील वावरे लहान, बांध उंच आणि वाट अरुंद असल्यामुळे तेथे कापणीयंत्र नेणे बहुधा शक्य होत नाही. घरातील तरुण मंडळी कामधंद्यासाठी मुंबई-पुण्याकडे असतात. परतीचा पाऊस केव्हा येईल याचा भरवसा नसतो. अशा वेळी हातातील विळा कसा आहे, यावर पदरात पडणारे धान्य आणि कापणाऱ्याचे कष्ट या दोहोंचे मान पुष्कळ अंशी अवलंबून असते. म्हणून विळ्याची निवड कशी करावी, याचा विचार येथे केला आहे.

दोन प्रकारच्या धारा

साध्या धारेच्या विळ्याचे पाते गुळगुळीत असते. त्याची धार एकसारखी असून ती निसण्यावर लावता येते. हे पाते नवे व तीक्ष्ण असेपर्यंत सुरेख कापते. परंतु भाताच्या ताटात सिलिका, म्हणजे वाळूत असणारे द्रव्य, बऱ्याच प्रमाणात असते. त्यामुळे पात्याची धार लवकर बोथट होते. पश्चिम आशियात सापडलेल्या प्राचीन काळच्या गारगोटीच्या विळ्यांवर जी चकाकी दिसते, तीही धान्याच्या व गवताच्या ताटांतील याच द्रव्याच्या घर्षणाने आलेली आहे. धार गेली की कापणारा नकळत हिसका देऊ लागतो किंवा विळा आपटून ताट तोडतो. त्या हिसक्याने कणीस हलते आणि पक्व दाणा जमिनीवर पडतो.

दातेरी विळ्याच्या पात्यावर बारीक दाते पाडलेले असतात व त्यांचा कल मुठीकडे असतो. मूठभर ताटे डाव्या हाताने धरून विळा आपल्याकडे ओढला की प्रत्येक दाता थोड्याशा जागेवर जोर एकवटतो आणि करवतीप्रमाणे ताट कापतो. येथे आपटण्याचे कारण उरत नाही. ताट पात्यावरून निसटत नाही, मनगटाला हिसका बसत नाही आणि कणीस स्थिर राहते. कोकणातील भातकापणीसाठी जो वैभव विळा सुचविला जातो, तो याच प्रकारचा आहे.

जमिनीलगत कापणीचे महत्त्व

दातेरी विळ्याचा दुसरा लाभ असा की, त्याने ताट अगदी जमिनीलगत कापता येते. भाताच्या खोडकिड्याची अळी ताटाच्या आत शिरून ते पोखरते आणि पीक पक्व होताना खाली, बुडख्याकडे सरकते. कापणी वीतभर उंचीवरून केल्यास ती अळी धसकटात सुरक्षित राहते आणि तिच्यापासून पुढे पतंग निपजतात. जमिनीलगत कापून नंतर नांगरटीने धसकटे उपटून त्यांचा नाश केला, तर किडीचा हा आसरा नाहीसा होतो. शिवाय पेंढा लांब मिळतो आणि गुरांच्या वैरणीत तेवढी भर पडते.

मात्र येथे एक अडचण ध्यानात घ्यावी. खाचरात चिखल असताना खाली कापलेले भात पसरले, तर कणसे ओल्या जमिनीला टेकतात व दाणा डागाळतो. म्हणून कापणीपूर्वी ८ ते १० दिवस खाचरातील पाणी बांध फोडून काढून द्यावे. उपळीच्या जमिनीत पाणी निघतच नसेल, तर कापलेल्या पेंढ्या उचलून बांधावर किंवा कोरड्या जागी वाळविण्याची व्यवस्था आधी करावी आणि मगच कापणीस हात घालावा.

आपल्या शेतात पडताळा पाहा

कोणता विळा चांगला हे दुसऱ्याच्या सांगण्यावरून ठरविण्याऐवजी आपल्याच खाचरात पाहणे उत्तम. एकाच दिवशी, एकाच जातीच्या भाताचे शेजारशेजारचे दोन तुकडे घ्यावेत. एक साध्या विळ्याने व दुसरा दातेरी विळ्याने, शक्यतो एकाच व्यक्तीने कापावा. कापलेले भात काळजीपूर्वक उचलल्यावर प्रत्येक तुकड्यात १ मीटर लांब व १ मीटर रुंद अशी चौकट काठ्यांनी आखून तीत गळलेले दाणे मोजावेत. अशा तीन-चार जागा घेऊन सरासरी काढावी. कापणीपूर्वीच गळलेले दाणे दोन्हीकडे सारखेच असतील, म्हणून दोन सरासरींतील फरक हा विळ्याचा व कापण्याच्या रीतीचा समजावा.

हिशेब सोपा आहे. ज्या भाताचे १,००० दाणे २५ ग्रॅम भरतात, त्याचे चौरस मीटरमागे ४० दाणे अधिक गळले, तर हेक्टरी १० किलो भात मातीत गेले असे होते. दाणे २०० असतील तर ही नासाडी ५० किलो होते. मोजल्यावाचून हा तोटा सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण तो एका जागी पडलेला नसतो.

साधी धार कोठे हवी?

दातेरी विळा भातास योग्य ठरला म्हणून साधी धार टाकाऊ होत नाही. कामाप्रमाणे हत्यार निवडावे.

१. हिरवे, ओले गवत कापताना दात्यांत चोथा अडकतो व पाते चालेनासे होते. तेथे साधा, नीट पाजळलेला विळा बरा.

२. राबासाठी फांद्या तोडणे, कुंपणाची काटेरी डहाळी छाटणे ही कामे घाव घालून करावयाची आहेत. त्यांना वजनदार, साध्या धारेचा कोयताच हवा. दातेरी विळ्याने घाव घातल्यास दाते मोडतात.

३. आंब्याचे कोय कलम किंवा काजूचे मृदकाष्ठ कलम बांधण्यास साध्या धारेचा, अतिशय तीक्ष्ण चाकू लागतो. खुंट व कलमकाडी यांचे काप गुळगुळीत असतील तरच सालीखालचे जिवंत थर एकमेकांस भिडतात व कलम जुळते. दातेरी पात्याने काप फाटतो, त्यात पोकळी राहते आणि कलम मरते.

४. खिशात ठेवावयाच्या चाकूबाबतही हाच नियम लागू आहे. दोर, काथ्या, नायलॉनची रस्सी अथवा गोणपाट पुष्कळ कापावयाचे असेल तर दातेरी पाते उपयोगी पडते. फळे कापणे, साल काढणे, काडी तासणे अशी नित्याची कामे असतील तर साधे पाते घ्यावे, कारण त्याची धार घरच्या घरी लावता येते.

विकत घेताना व वापरताना

दातेरी विळा घेताना सर्व दाते सारख्या उंचीचे व एकाच दिशेने कललेले आहेत हे पाहावे. मूठ गुळगुळीत, हातात पुरेशी बसणारी आणि पात्यास घट्ट जोडलेली असावी. बाजारातील विळे बहुधा उजव्या हाताचे असतात. घरात कोणी डावखुरे असल्यास त्यांच्यासाठी निराळा विळा पाहावा. कापणीचा मोठा भार स्त्रियांवर असतो, म्हणून विळा हलका आहे की नाही आणि मूठ त्यांच्या हाताला बसते की नाही, हे त्यांनीच धरून पाहून ठरवावे.

दातेरी पाते दगडावर घासू नये, त्याने दाते झिजून सपाट होतात. धार कमी झाल्यास लहान कानशीने दात्यांमधील खाचा एकेक करून साफ कराव्यात. दाते फारच झिजले असल्यास ते लोहाराकडून पुन्हा पाडून घ्यावेत. साध्या विळ्यास मात्र रोज काम सुरू करण्यापूर्वी व दुपारी पुन्हा निसणा लावावा. बोथट साध्या विळ्याची दातेरी विळ्याशी तुलना करणे न्यायाचे नाही. हंगाम संपल्यावर दोन्ही विळे धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून कोरड्या जागी टांगावेत. कोकणच्या दमट हवेत गंज चढण्यास वेळ लागत नाही.

हातांची काळजी

दातेरी पात्याची जखम फाटल्यासारखी होते व भरून येण्यास वेळ घेते. म्हणून ताटे धरताना अंगठा वर असावा आणि विळा कापल्या जागेपासून पावलाकडे येणार नाही अशा रीतीने ओढावा. जखम झाल्यास ती लगेच साबणाने व स्वच्छ पाण्याने धुवावी, तीवर माती किंवा पाला लावू नये आणि धनुर्वाताच्या लसीविषयी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. चिखलपाण्यात काम करणाऱ्यांना उघड्या जखमेवाटे लेप्टोस्पायरोसिसची लागण होऊ शकते. जखमेनंतरच्या दिवसांत ताप, तीव्र अंगदुखी किंवा डोळ्यांत लाली दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांस दाखवावे.

सारांश

भातासाठी दातेरी विळा, गवतासाठी साधा विळा, फांदीसाठी कोयता आणि कलमासाठी तीक्ष्ण साधा चाकू, अशी विभागणी ठेवावी. कणसातील ८० ते ९० टक्के दाणे पक्व होताच, फार वाट न पाहता कापणी सुरू करावी. ज्या जातींचा दाणा लवकर गळतो, त्यांची कापणी शक्य तो सकाळच्या वेळी उरकावी. शेतकरी बंधुभगिनींनी यंदाच्या हंगामात निदान एका खाचरात वर सांगितलेला पडताळा घ्यावा व आलेले आकडे शेजाऱ्यांना आणि आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना दाखवावेत. चार महिने पावसात उभे राहून पिकविलेला दाणा खळ्यावर पोहोचण्याआधीच मातीत जाऊ नये, एवढी दक्षता आपल्या हाती निश्चित आहे.