दुकानात कोणता माल ठेवायचा?

चि. बाळ यास,


तुर्की जर्दाळू रॅकवर ठेवायचे की काढायचे, हे तू परवा फोनवर विचारलंस. पुढच्या आठवड्यात व्यापाऱ्यांच्या बैठकीत तसा ठराव यायचा आहे, आणि बाजारातली काही मुलं ‘बागवानांकडून’, म्हणजे मुसलमान फळव्यापाऱ्यांकडून, ‘माल उचलू नका’ असंही सांगत फिरतायत, हेही बोललास. तू दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्यास. माझ्या मते त्या पूर्ण वेगळ्या आहेत, आणि त्यांची सरमिसळ होतेय याचीच मला काळजी वाटते. म्हणून सविस्तर लिहितो.

‘धंद्यात राजकारण आणू नये’ असं म्हणणारे कधी सुक्यामेव्याच्या दुकानात बसलेले नसतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाचा हल्ला झाला आणि सरकारने पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयात शुल्क बसवलं. खारीक बहुतेक तिकडूनच यायची, तिचे भाव कडाडले. एकादशीला आपण खायचो ते सैंधव पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतलं असायचं, हे पुष्कळ गिऱ्हाइकांना तेव्हाच कळलं. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेशी बिनसलं आणि बदाम-अक्रोडावर जादा शुल्क आलं. ते उठायला २०२३ उजाडलं. मे २०२५ पासून तर पाकिस्तानी मालाची आयातच बंद आहे. त्यानंतर दुबईमार्गे, दुसऱ्या देशाचा म्हणून आणलेला पाकिस्तानी माल न्हावाशेवा बंदरात पकडला गेला, त्यात खारीक होती. म्हणून सांगतो, खारकेचं पोतं उतरवून घेण्याआधी पक्कं बिल बघ, माल कुठल्या देशाचा ते लिहून घे. किलोमागे चार पैसे सुटतात म्हणून विनाबिलाचा माल घ्यायचा नाही. कायदा आहे तिथे आपण डोकं चालवायचं नाही, पाळायचा.

तुर्की जर्दाळूचं तसं नाही. त्यावर बंदी नाही; ठेवायचे की नाही हे तुझ्या हातात आहे. मे २०२५ मधल्या भारत-पाक संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली, तेव्हा पुण्याच्या मार्केट यार्डातल्या फळव्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंद घेणं थांबवलं. उन्हाळ्यात काश्मीर आणि हिमाचलचा माल सरत आलेला असतो आणि बाहेरच्या पेट्यांवरच गाळे चालतात. अशा वेळी तो माल नाकारणं म्हणजे आपल्याच गल्ल्यातून पैसे काढून देणं. मला ते योग्य वाटलं. व्यापारी हाही नागरिक आहे, त्यालाही मन असतं, आणि जे पटत नाही ते न विकण्याचा त्याला हक्क आहे. फक्त त्याची किंमत त्याने स्वतः मोजली पाहिजे.

ही अट मी उगीच घालत नाही. आपल्याकडे स्वदेशीची परंपरा मोठी आहे. सार्वजनिक काकांनी देशी मालाची दुकानं काढली, १९०५ साली पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली, आणि १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकसमोर बाबू गेनूने प्राण दिला. या माणसांनी स्वतःचं दिलं. पण त्याच स्वदेशीच्या लाटेत, बंगालात देशी धोतरांना मागणी वाढल्याबरोबर मुंबईच्या गिरणीवाल्यांनी भाव चढवले, हेही खरं आहे. त्याग करायचा गिऱ्हाइकाने आणि नफा खायचा मालकाने, असा तो प्रकार. रवींद्रनाथांच्या ‘घरे-बाइरे’ कादंबरीत पंचू नावाचा गरीब फेरीवाला आहे. त्याचं विलायती कापड जाळायला लावलं जातं. त्या गाठोड्यात त्याचं सगळं भांडवल होतं, आणि जाळायला लावणाऱ्या जमीनदाराचा मात्र एक पैसाही गेला नाही. त्याच कादंबरीतला निखिल स्वतः स्वदेशीचा आहे, पण आपल्या बाजारातून विलायती माल जबरदस्तीने हटवायला तो नकार देतो. लोक त्याला देशद्रोही म्हणतात तरी तो बदलत नाही. जमलं तर वाच, मराठीत अनुवाद मिळेल.

तेव्हा जर्दाळू बंद करायचे असतील तर खुशाल कर. पण आहे तो माल फेकू नकोस. त्याचे पैसे तुर्कस्तानला केव्हाच पोचलेत. फेकलास तर नुकसान तुझंच. तो संपव आणि पुन्हा मागवू नकोस. गिऱ्हाइकाने विचारलं तर ‘माल आला नाही’ अशी थाप मारायची नाही. ठेवत नाही आणि का ठेवत नाही, हे दोन वाक्यांत सांगायचं. ज्याला पटणार नाही तो दुसरीकडून घेईल, त्यालाही हसून निरोप द्यायचा. आणि त्याच्या जागी ठेवशील त्या मालावर एक रुपयाही जादा चढवू नकोस.

आता बागवानांचं. इथे माझं मत एकच आहे आणि ते बदलणार नाही. परक्या देशाचा माल नाकारणं वेगळं आणि शेजारच्या गाळ्यावरच्या माणसाची रोजी तोडणं वेगळं. तो तुर्की नाही, पाकिस्तानी नाही. कवठे-महांकाळचे बेदाणे आणि सोलापूरचं डाळिंब तो तुझ्यासारखंच विकतो. त्याने कुणाचं काही वाकडं केलेलं नाही. तुझ्या आजोबांना हंगामाच्या तोंडाशी उधार माल याच लोकांनी दिला, कागदावर सही न घेता. समजा हे काहीच घडलं नसतं, तरी माझं उत्तर हेच असतं. माणसाच्या जन्मावरून त्याच्याशी व्यवहार तोडायला सांगतात, तेव्हा त्यात देशाचा काही संबंध नसतो. जी मुलं आज हे सांगत फिरतायत ती उद्या तुझ्याकडे कामाला कोण असावं हेही सांगायला येतील. भीतीपोटी एकदा मान हलवलीस की पुढच्या वेळी ते विचारणारही नाहीत.

बैठकीला जा, टाळू नकोस. ठराव लेखी मागून घे. त्यात देशाचं आणि मालाचं नाव असेल तर पटल्यास सही कर. माणसांचं किंवा जातीधर्माचं नाव असेल तर सही करू नकोस, आणि का करत नाही ते तिथेच उभं राहून सांग. आवाज चढवायची गरज नाही. मनातून तसंच वाटणारे आणखी चारजण असतात; पहिल्याने बोलावं एवढीच ते वाट बघत असतात.

जर्दाळूचं म्हणशील तर लडाखचा माल बघ. कारगिलकडे चांगला पिकतो. दाणा बारीक असतो आणि पुरवठाही कमी, त्यामुळे हंगामाआधी सांगून ठेवावं लागेल. दिल्लीच्या खारी बावलीत चौकशी कर आणि नमुना आला की भाव कळव, माझ्याही दुकानाला दोन पेट्या घेऊ.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा