समुद्र किती तापेल?

वाशीच्या खाडीपुलावरून ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र दाखवत एक सीनिअर म्हणाला, "अणुऊर्जेला विरोध करणाऱ्यांना विज्ञान कळत नाही." मलाही तसंच वाटायचं. मग थर्मोडायनॅमिक्स शिकलो आणि जैतापूर आंदोलनाबद्दल वाचलं.

रत्नागिरी जिल्ह्यात माडबनला प्रत्येकी 1650 मेगावॅटच्या 6 अणुभट्ट्यांची योजना आहे. आजवर एकही उभी राहिलेली नाही. जवळच्या साखरी नाटे गावचे मच्छीमार रस्त्यावर उतरले. त्यांचा एक प्रश्न साधा होता: गरम पाणी समुद्रात सोडलं तर मासळीचं काय? 18 एप्रिल 2011 रोजी तिथे पोलीस गोळीबारात एकाचा जीव गेला.

आता आपण गणित करू. अशा एका भट्टीत साधारण 4600 मेगावॅट उष्णता तयार होते. त्यातून वीज मिळते 1650, म्हणजे एफिशियन्सी 36 टक्के. उरलेली 2950 मेगावॅट उष्णता कंडेन्सरमधून समुद्राच्या पाण्यात जाते. हे पाणी 7 अंशांनी तापू दिलं, तरी सेकंदाला सुमारे 100 घनमीटर पाणी लागेल. सहा भट्ट्यांना 600!

कोळशाच्या केंद्रालाही थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम चुकत नाही. आणि समुद्र मोठा आहे, हेही खरं. पण गरम पाणी कुठे, किती खोल सोडणार, प्रवाह त्याला कुठे नेणार, यावर किनाऱ्याजवळची मासळी अवलंबून.

म्हणजे मच्छीमारांचा प्रश्न आपल्याच सिलॅबसमधला आहे, मित्रांनो. आपलं उत्तर चुकलं तर मार्क जातात. त्यांचं मात्र पोट जातं.