आमचा संगणक का तापत होता?

(इयत्ता ४ थी)

आमच्या शाळेत एकच संगणक आहे. तो आमच्या वर्गात फळ्याशेजारी ठेवला आहे. दर शनिवारी हजेरीप्रमाणे आमची पाळी येते. हजेरीत मुलींची नावे मुलांनंतर आहेत आणि मुलींत माझा नंबर शेवटचा. माझी पाळी आली की संगणक घर्रर्र असा आवाज करायचा आणि पटकन बंद पडायचा. अर्धे काढलेले चित्र जायचे. असे तीनदा झाले. मुले म्हणू लागली, "हिचा हातच वाईट." मग मी दोन शनिवार पाळीच घेतली नाही.

माझा आतेभाऊ आयटीआयला शिकतो. दिवाळीनंतर गुरुजींनी त्याला शाळेत बोलावले. त्याने जे केले ते मी जवळ उभी राहून पाहिले. तेच इथे लिहिते.

संगणकाच्या पेटीत प्रोसेसर नावाचा चपटा चौकोनी भाग असतो. तो लहान बिस्किटाएवढा असतो, पण सगळी आकडेमोड तोच करतो. त्यातून वीज वाहते म्हणून तो तापतो. त्याच्यावर ॲल्युमिनिअमच्या पातळ पट्ट्यांचा ठोकळा बसवतात. ठोकळा उष्णता ओढून घेतो आणि वरचा पंखा ती वाऱ्याने घालवतो. प्रोसेसर जास्त तापला की पंखा जोरात पळतो. तरी भागले नाही तर संगणक आपणहून बंद पडतो. प्रोसेसर जळू नये म्हणून ही सोय केलेली असते.

दादाने आधी बटण बंद करून पिन काढली. मग पेटीच्या पत्र्याला हात लावला. आपल्या अंगात स्थिर वीज असते, तिने आतले भाग बिघडतात. झाकण उघडले तर काय! पट्ट्यांमध्ये खडूची धूळ आणि जळमटे गच्च बसली होती. घरी सांगितले तेव्हा बाबा म्हणाले, "मळणीत ट्रॅक्टरच्या रेडिएटरला भुसा बसतो आणि इंजिन तापतं, तसंच झालं की हे."

दादाने मऊ ब्रशने धूळ काढली. तेव्हा पंखा बोटाने धरून ठेवला होता. वीज येते ती आतली बंद डबी मात्र त्याने उघडली नाही. पिन काढल्यावरही तिच्यात वीज उरते, म्हणून आपण तर तिला हातच लावायचा नाही.

मग ठोकळा काढला. त्याखालची पेस्ट वाळून तिचे पोपडे झाले होते. दादाने ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली (हे नाव मी बाटलीवरून वहीत उतरवले) आणि वाटाण्यापेक्षा लहान थेंब नवी पेस्ट लावली. मी म्हटले, "अजून घाल ना." तो म्हणाला, "नको गं. जमीन सारवताना भेगा बुजतात ना, तेवढंच हिचं काम. भेगेत हवा राहिली तर उष्णता वर जात नाही. पण थर जाड झाला तरी तेच."

एवढे करूनही पंखा किरकिरत होता! त्याच्या मधला कागद सोलून दादाने आईच्या शिलाई मशीनचे तेल एक थेंब सोडले. आवाज गेला. हे काही कायमचे नाही, पुढे पंखा बदलावाच लागेल, असे तो म्हणाला.

संगणक सुरू होताना एक कळ दाबली की प्रोसेसरचा ताप पडद्यावर दिसतो. आधी ९१ अंश होता, आता ५४ झाला. पाणी १०० ला उकळते, म्हणजे बघा!

मी दादाला हळूच विचारले, "माझ्याच हाताने का बंद पडायचा?" तो हसला. सकाळी सुरू केलेला संगणक तापत तापत जातो, आणि शेवटची पाळी माझी. गुरुजींनी हे सगळ्या वर्गाला सांगितले.

गेल्या शनिवारी मी घर, विहीर आणि आंब्याचे झाड पुरे काढले. म्हैस राहिली, कारण घंटा झाली.